जुन्या वत्सला वहिनी

“या वत्सला वहिनी कोण हो, ताई?” सलीमभाईंनी स्क्रीनवर बोट टेकवून विचारलं.

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. सांगलीत एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर सलीम शिकलगारांचं ऑफिस होतं. लहानमोठ्या धंदेवाल्यांच्या वेबसाइट गुगलवर वर आणून देणं हा त्यांचा व्यवसाय. मी नुकतीच बाळंतिणीचे लाडू विकायला सुरुवात केली होती. अळिवाचे, डिंकाचे, मेथीचे. असे लाडू शोधताना लोक नेमके कुठले शब्द टाकतात, त्यातले कुठले शब्द आपण आपल्या वेबसाइटसाठी धरायचे, हे ठरवायला आम्ही बसलो होतो.

“कुठं दिसलं तुम्हाला हे नाव?” मी विचारलं.

“तुमच्याच मालाच्या शब्दांत येतंय. ‘वत्सला वहिनी डिंक लाडू’, ‘वत्सला वहिनी सल्ला’. कराडची पार्टी दिसतेय. थांबा, साइटच उघडतो.”

साइट उघडली. वरती तीच हिरवी पट्टी, तीच अक्षरं. खाली फोटो. मोरपंखी साडीतली एक गोरी, नाजूक बाई, मांडीवर गुटगुटीत तान्हं बाळ. फोटोखाली लिहिलं होतं : ‘तुमच्या लाडक्या वत्सला वहिनी.’

“ओळखता काय यांना?”

“वत्सला वहिनी मीच आहे,” मी म्हणाले.

सलीमभाईंनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“मग ह्या?”

“ह्या कोण ते मला माहीत नाही.”

खरं तर तेवढ्यात मला कळलंच होतं. माझ्या आधीच्या नवऱ्यानं, श्रीरंगनं, दुसरं लग्न केल्याचं कानावर आलं होतं. मुलगा झाल्याचंही. पण त्या बाईचं नावही त्यांनी वत्सला ठेवलं असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

माझं नाव हर्षदा. हर्षदा सबनीस. कराडच्या उपळेकरांच्या घरात लग्न होऊन गेले तेव्हा त्यांच्याकडे आधीच एक हर्षदा होती, माझी नणंद. तिचं लग्न होऊन ती बडोद्याला गेली होती, तरीही घरात दोन हर्षदा नकोत असं सासूबाईंचं म्हणणं पडलं. श्रीरंगनं ताटातल्या तांदळावर अंगठीनं ‘वत्सला’ असं लिहिलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नाव जुनं होतं, पण मी वाद घातला नाही. नवी नवरी नावावरून कुठं भांडत बसते?

सासूबाई आसपासच्या चार घरी बाळंतिणीचे लाडू करून द्यायच्या. त्याचा धंदा करायची कल्पना माझी. वेबसाइट मी बनवून घेतली. तिच्यावर ‘वहिनींचा सल्ला’ नावाचं एक पान होतं, त्यावर बायका प्रश्न विचारायच्या आणि मी उत्तरं लिहायची. सिझेरियन झाल्यावर डिंकाचा लाडू कधी सुरू करू? दूध पुरत नाही, काय खाऊ? सासू पंखा लावू देत नाही, काय करू? बाळाकडे बघून रडूच येतं, हे असं होतं का? एकेक उत्तर लिहायला मला दोनदोन दिवस लागायचे. गावातल्या डॉक्टरीणबाईंना विचारायची, म्हाताऱ्या सुईणींना विचारायची, मग साध्या भाषेत लिहायची. रडू येणारीला तर मी लाडवांबद्दल अक्षरही लिहिलं नव्हतं. आधी आईला फोन कर, मग डॉक्टरकडे जा, आणि तुझं काही चुकलेलं नाही, एवढंच लिहिलं होतं. बायका ती उत्तरं एकमेकींना पाठवत राहिल्या आणि बघता बघता महाराष्ट्रभर मी वत्सला वहिनी झाले.

मला मात्र मूल होत नव्हतं.

एकदा जेवणाच्या टेबलावर मी नागपूरच्या एका बाईंशी स्पीकरवर बोलत होते. ऑर्डर देऊन झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, “वहिनी, तुमची मुलं केवढी आहेत हो?”

“मला मूल नाही,” मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर सासूबाईंनी आमटीची वाटी बाजूला सारली. “खोटं बोलली असतीस तर जीभ झिजली असती का?”

“त्यात खोटं कशाला बोलायचं, आई?”

“लाडू बाळंतिणीचे आहेत, वत्सला. वांझेच्या हातचं कोण खाईल?”

मी श्रीरंगकडे पाहिलं. तो पोळीचा तुकडा मोडत होता. “आई जरा तोडून बोलली,” तो म्हणाला, “पण ब्रँडच्या दृष्टीनं बघितलं तर तिचं चूक नाहीये.”

दुसऱ्या दिवसापासून ऑर्डरचा फोन सासूबाईंकडे गेला. पाकिटावरचा माझा फोटो गेला. मग हळूहळू मीही गेले. घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्यावर कोर्टाच्या जिन्यात श्रीरंग मला म्हणाला, “तुझं सगळं सामान घेऊन जा. नाव तेवढं इथंच ठेव.” मला वाटलं तो पाकिटावरच्या नावाबद्दल बोलतोय.

आणि आता ते नाव कुणाच्या गळ्यात बांधलंय ते माझ्यासमोर होतं.

“ताई, पाणी देऊ?” सलीमभाई म्हणाले.

“पाणी नको. ह्या नावानं लोक आणखी काय शोधतात ते दाखवा.”

त्यांनी दाखवलं. ‘वत्सला वहिनी बदलल्या का.’ ‘वत्सला वहिनी आधीच्या.’ ‘जुन्या वत्सला वहिनी कुठे आहेत.’

मी ती शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचली. कुणीतरी मला शोधत होतं. सापडत नव्हते म्हणून परत शोधत होतं.

“हा शब्द घ्यायचा,” मी म्हणाले. “जुन्या वत्सला वहिनी.”

सलीमभाईंनी मान हलवली. “ह्याच्यानं धंदा येणार नाही, ताई. शोधणारे मोजकेच आहेत. खरी गर्दी दुसरीकडं आहे, हे बघा. कराडवाल्यांकडं नावानं जाणारे थोडे, आणि ‘दूध कमी येतं काय खावं’ असले प्रश्न टाकून जाणारे रग्गड. गुगलनं त्यांच्या त्या सल्ल्याच्या पानांना डोक्यावर घेतलंय. माणूस प्रश्न घेऊन येतो, उत्तर वाचतो आणि जाताना लाडू घेतो. उत्तरं कुणी लिहिलीत कुणास ठाऊक, पण लई मनापासून लिहिलीत.”

“मीच लिहिलीत.”

ते खुर्ची फिरवून माझ्याकडे वळले.

“मी नवी उत्तरं लिहिली तर?” मी विचारलं.

“लिहा की. पण जुन्या पानांच्या वर जायला वर्षं लागतील. तेच प्रश्न, तीच उत्तरं, आणि त्यांची पानं आधीपासून तिथं बसलेली.”

मी थोडा वेळ त्या हिरव्या पट्टीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तरीही आधी तोच शब्द घ्यायचा. जुन्या वत्सला वहिनी.”

“भांडण लागंल, ताई.”

“लागू दे.”

ते पान मी एका बैठकीत लिहिलं. सलीमभाईंनी दोनच अटी घातल्या होत्या : खरं असेल तेवढंच लिहायचं, आणि कराडवाल्यांचं नाव आपल्या मालाला लावायचं नाही. त्यामुळे पान छोटंच झालं. ‘जुन्या वत्सला वहिनी कुठे आहेत? वत्सला वहिनींच्या नावानं इतकी वर्षं तुम्ही जी उत्तरं वाचलीत, ती मी लिहिली. माझं नाव हर्षदा सबनीस. मला मूल नाही. त्या घरात मी आता राहत नाही. नव्या फोटोतल्या बाईंची आणि माझी ओळख नाही. मी सांगलीत असते. तुमचा काही प्रश्न असेल तर मला विचारा.’

महिनाभरात ते पान पहिल्या जागी आलं. वत्सला वहिनींना शोधणाऱ्याला कराडच्या दुकानाच्या आधी माझं पान दिसायला लागलं. मग फोन सुरू झाले. कुणी रडत, कुणी चिडून. नागपूरच्या त्या बाईंचाही आला. तिकडे कराडलाही फोन जात होते. “फोटोतल्या ह्या कोण?” “तुम्ही आम्हाला फसवलंत का?” हे सगळं माझ्या कानावर येत होतं आणि मला गोड लागत होतं. कामावरच्या बाया वळलेले लाडू डब्यात भरत असायच्या आणि मी स्वतःशीच हसत असायची. लोक म्हणतात सूड घेऊन समाधान मिळत नाही. मला मिळत होतं.

एके दिवशी सकाळी श्रीरंग आणि सासूबाई माझ्या कारखान्यात येऊन उभे राहिले. कारखाना म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीत खोबरं भाजणं चालू होतं. वेबसाइटच्या कामासाठी सलीमभाई नेमके तिथं आलेले होते. ते उठायला लागले तेव्हा मी त्यांना बसवून घेतलं.

श्रीरंग उभ्यानंच म्हणाला, “ते पान काढ.”

“का?”

“वत्सला हे आमचं रजिस्टर केलेलं नाव आहे. मी वकिलाकडून नोटीस पाठवू शकतो.”

“पाठव की. मी मालाला ते नाव लावलेलं नाही. जे घडलं ते लिहिलंय. त्यातलं खोटं काय आहे ते दाखव, लगेच काढते.”

सासूबाई खुर्चीवर टेकल्या. आधीपेक्षा थकलेल्या दिसत होत्या.

“हे बघ वत्सला...” त्यांनी सुरुवात केली आणि अडखळल्या.

“कुठली वत्सला, आई?” मी विचारलं. “मी की घरी आहे ती?”

“नावात काय असतं एवढं?” त्या म्हणाल्या. “तूही आलीस तेव्हा ठेवलंच होतं की. तिनं काही तक्रार केली नाही.”

“मीही केली नव्हती.”

“गिऱ्हाइकं नाही नाही ते बोलतात. घरात तान्हं मूल आहे. तुला बघवत नाहीये ना आमचं चांगलं झालेलं?”

“नाही,” मी म्हणाले. “नाही बघवत.”

हे उत्तर त्यांना अपेक्षित नव्हतं. श्रीरंगनं आवाज खाली आणला. लग्नाच्या वर्षांत मला तो आवाज चांगला ओळखू यायला लागला होता. काही हवं असलं की तो असाच बोलायचा.

“हर्षदा, तुला काय पाहिजे ते सांग. आपण मिटवू.”

आतून खोबऱ्याचा खरपूस वास येत होता. सलीमभाई माझ्याकडे बघत होते.

“पान काढते,” मी म्हणाले. “कायमचं. परत तुमच्या नावाचा उल्लेखही करणार नाही. पण तुमच्या साइटवर माझी उत्तरं आहेत, ती काढायची. एकूण एक.”

“कसली उत्तरं?”

“वहिनींचा सल्ला. मी लिहिलेली. दुसरीच्या फोटोखाली ती मला नकोत.”

श्रीरंगच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. “ती होय? ती जुनी प्रश्नोत्तरं? अगं, ती कोण वाचतंय आता! आजच काढायला सांगतो.”

“परत टाकायची नाहीत. शब्द बदलूनही नाहीत.”

“नाही टाकणार.”

“लिहून घे हिच्याकडून,” सासूबाई म्हणाल्या. “उद्या परत नावावर हक्क सांगेल.”

“दोघांचंही लिहू,” मी म्हणाले.

लिहिलं. त्यांनी नाव राखलं, मी उत्तरं मागितली. सह्या झाल्या. निघताना सासूबाई दारात थांबून म्हणाल्या, “हट्टीपणा सोडून आधीच अशी समजूतदार वागली असतीस तर ही वेळ आली नसती.”

“खरंय, आई,” मी म्हणाले.

त्यांची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तसे सलीमभाई कपाळाला हात लावून माझ्याकडे वळले.

“ताई, हे तुमच्या डोक्यात पहिल्यापासून होतं?”

“तुम्हीच तर दाखवलं होतंत, गर्दी कुठून येते ते.”

“मग नावासाठी एवढं रामायण?”

“त्याशिवाय ते माझ्या दारात आले असते का? नुसती उत्तरं मागितली असती तर त्यानं कुणा जाणकाराला विचारलं असतं. आता त्याला वाटतंय तो जिंकून गेला.”

सलीमभाई हसले नाहीत. “त्यांचं दुकान बसंल, ताई.”

“बसू दे,” मी म्हणाले.

श्रीरंगनं शब्द पाळला. सगळी पानं त्याच आठवड्यात काढून टाकली. मीही माझं पान काढलं. आणि त्यांच्याकडून पुसली गेलेली उत्तरं माझ्या साइटवर, माझ्या नावानं, एकेक करून चढवायला लागले. आता ती जगात दुसरीकडे कुठंच नव्हती. वर्षानुवर्षं ज्या साइटवाल्यांनी आणि ज्या डॉक्टरांनी कराडच्या पानाचा पत्ता दिला होता, त्यांना मी स्वतः लिहून कळवलं की उत्तरं इथं आली आहेत. बहुतेकांनी पत्ता बदलला.

उन्हाळा संपेस्तोवर आम्ही वर आलो होतो. दूध पुरत नाही, कंबर धरते, रडू येतं, काहीही टाकलं की माझं पान. कराडची साइट पहिल्या पानावरून गेली, दुसऱ्यावरून गेली. श्रीरंगनं पुण्याची एक कंपनी धरल्याचं कळलं. त्यांनी त्याला ‘मातृत्व पोषण आहार’ असले भारदस्त शब्द काढून दिले. ओली बाळंतीण असले शब्द टाकत नाही. वत्सला वहिनी हे नाव त्यांच्याकडे सुखरूप राहिलं, फक्त ते शोधणारं कुणी उरलं नाही. लोक आधी प्रश्न शोधायचे आणि मग त्यांना नाव कळायचं, हे त्याला कधी समजलंच नव्हतं.

इथवर सगळं मी ठरवल्यासारखं झालं.

मग एका दुपारी ऑर्डरच्या फोनवर एक मुलगी बोलली. आवाज दबका होता.

“हर्षदाताई का? मी कराडहून बोलतेय. वत्सला.”

मी ऑर्डरची वही मिटली.

“लाडवांसाठी नाही केला फोन,” ती घाईघाईनं म्हणाली. “ती रडू येण्याबद्दलची उत्तरं होती ना, ती तुमच्याकडे आहेत असं कळलं. बाळ झाल्यावर मी तीच वाचायचे. आमच्या साइटवर होती तेव्हा. एक दिवस बघते तर नव्हतीच. मला वाटलं मलाच सापडत नाहीयेत.”

“आहेत माझ्याकडे,” मी म्हणाले. “अजून रडू येतं?”

“येतं,” ती म्हणाली. “आता जास्तच. धंदा बसला ना. सासूबाई म्हणतात, आधीचीच्या हाताला यश होतं, हिचा पायगुण वाईट.”

मला तिची दया आली, असं म्हटलं तर ते पूर्ण खरं होणार नाही. सगळ्यात आधी माझ्या मनात आलं ते हे की, सासूबाईंनी अखेर कबूल केलं. आणि त्यापाठोपाठ दुसरं आलं, की आता त्या घराकडे एकच गोष्ट उरलीय, ती म्हणजे हिचा चेहरा. नंतर मग मला तिचा आवाज नीट ऐकू आला. तिच्या मागं बाळ किरकिरत होतं आणि ती त्याला थोपटत बोलत होती.

“फोटो काढताना विचारलं होतं तुला?” मी म्हणाले.

“नाही. बारशाच्या दिवशी काढला. नंतर साइटवर बघितला.”

“तो फोटो तुझा आहे. तुझ्या बाळाचा आहे. तुला नको असेल तर नको म्हण.”

“चालतं असं म्हटलेलं?”

“म्हणून बघ. आणि डॉक्टरांकडे जा. मी एका बाईंचा नंबर देते, सांगलीतल्याच आहेत. माहेर कुठलं तुझं?”

“विटा.”

“माहेरी काय म्हणतात तुला?”

पलीकडे तिचं थोपटणं थांबलं.

“चैत्राली,” ती म्हणाली. मग परत, जरा मोठ्यानं, “चैत्राली.”

त्यानंतर पंधरवडा गेला असेल. श्रीरंगचा फोन आला. रागानं त्याला नीट बोलता येत नव्हतं.

“काय भरवलंस तू तिला? तिनं फोटो काढायला लावला साइटवरून. स्वतःचा, बाळाचा, सगळे. आईनं वत्सला म्हणून हाक मारली तर ओ देत नाही. बाळ घेऊन विट्याला जाऊन बसलीय, म्हणते माझं नाव घेऊन बोलवा, मग येते. काय सांगितलंस तू तिला?”

“काही सांगितलं नाही,” मी म्हणाले. “तिचं नाव विचारलं.”